सारजा कोम हणमंता

हेळवी आला तेव्हा आमच्या अंगणात जोंधळ्याची कणसं पसरलेली होती आणि त्याचा बैल सरळ त्या कणसांकडेच निघाला. माझा धाकटा भाऊ उत्तम ओरडत धावला. हेळव्यानं काही घाई न करता वेसण ओढली, बैल लिंबाला बांधला आणि पायरीवर बसत म्हणाला, "पाणी द्या हो कुणीतरी. तुमच्या सात पिढ्या घेऊन आलोय, घसा वाळलाय."

मी त्या दिवशी सुट्टी काढून गावी आलो होतो. माझी नोकरी सोलापुरात, वीज मंडळात वायरमनची. गाव आमचं मंगळवेढ्याकडचं, शिरसवाडी. घरात उत्तम, त्याची बायको कांता आणि आमची हौसाआत्या. आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. ऐन चाळिशीत नवरा गेला, माहेरी आली आणि इथलीच झाली. आबा वारले त्यालाही तेव्हा चार-पाच वर्षं होऊन गेली होती. आत्या ऐंशीच्या घरात, पाठीतून वाकलेली. पण रोज अंगण तीच झाडायची, आणि तिनं झाडलेल्या अंगणात कुणी चूळ टाकलेली तिला खपायची नाही.

आमच्या भागात हेळवी घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. पाच-सहा वर्षांनी फिरत फिरत येतात, मधल्या काळात घरात कोण आलं, कोण गेलं ते लिहून घेतात, जुनं वाचून दाखवतात, सूपभर धान्य घेतात आणि पुढच्या घरी जातात. हा यल्लप्पा. त्याच्या बोलण्यात कानडी हेल होता आणि आवाज देवळातल्या घंटेसारखा. त्यानं पोथी सोडली, मांडीवर घेतली आणि सुरू झाला.

"ननवरे घराणं, मूळ पुरुष तुकाप्पा. तुकाप्पाच्या पोटी बसाप्पा. बसाप्पाच्या पोटी हणमंता. हणमंताला बायका दोन. पहिली सारजा, माहेर बोराळं. तिच्या पोटी लेक एक हौसा, ल्योक एक केरबा. सारजा परागंदा. दुसरी गंगू..."

"परागंदा म्हंजे काय ओ?" कांतानं विचारलं. तिचं काही चुकलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून घरात तो विषय कधी निघालाच नव्हता.

"निघून गेली. घर टाकून."

"कुठं?"

"ते आमच्यात लिहीत नाहीत, बाई. गेलं ते गेलं. नाव तेवढं ठेवतो."

आत्या उंबऱ्यात जोंधळे पाखडत बसली होती. सूप खाली ठेवून ती उठली आणि आत गेली. हेळवी वाचत राहिला. केरबा म्हणजे आमचे आबा; त्यांच्यामागं माझं, उत्तमचं नाव आलं. माझ्या मुलाचं लग्न ठरत होतं तेही त्यानं टिपून घेतलं. शेवटी आत्याच भरलेलं सूप घेऊन बाहेर आली, त्याच्या झोळीत ओतलं आणि म्हणाली, "पुढच्या बारीला त्ये पहिलं नाव काढून टाक."

"कुठलं, आजी?"

"तुला ठावं हाय कुठलं."

"लिहिलेलं नाव आम्हाला काढता येत नाही. जीभ झडते."

"मग झडू दे," आत्या म्हणाली आणि रिकामं सूप पायरीवर आपटून पुन्हा आत गेली.

मला जे ठाऊक होतं ते लहानपणी विहिरीवर, पारावर, भांडणांत ऐकलेलं. आमची आजी, म्हणजे आबांची खरी आई, दोन लेकरं टाकून पळून गेली. गावातलाच गुरप्पा म्हणून एक माणूस सोलापूरच्या गिरणीत मुकादम होता. सुगीच्या दिवसांत तो बैलगाडी घेऊन आला होता, आणि पहाटे त्याच्या गाडीत ती बसलेली लोकांनी पाहिली. मग आजोबांनी दुसरी बायको केली. आबांना या सगळ्याचं काही नव्हतं. ते अंगावर पिणारं पोर होते. ते गंगूआजीलाच आई म्हणाले आणि सुखानं म्हणाले. आत्या मात्र सहा-सात वर्षांची होती. तिला कळत होतं.

त्या रात्री मी तिला काही विचारलं नाही. तिनंच दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडता झाडता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं.

"सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्येच्या आदल्या सुगीत गेली. जोंधळं काढायचं चाललं व्हतं."

मी दात घासत होतो. थांबलो.

"म्हातारी हून मेली असंल," आत्या म्हणाली. "नातवंडं खेळवून. का अजून कुठं बसली असंल खाटंवर, त्ये देवाला ठावं." आणि झाडणीचा जोर वाढवून माझ्या पायांवर धूळ उडवली. "सरक तिकडं. चूळ गटारीत टाक."

मला तेव्हा वाटलं की ती रागानं बोलतेय. एसटीत बसल्यावर मनात आलं की शोधायला लावायचं नसेल तर वर्षाचा अंदाज कुणी उगाच देत नाही.

*

सोलापुरात महापालिकेच्या जन्म-मृत्यूच्या कचेरीत माझं त्याआधी एक-दोनदा जाणं झालं होतं, शेजाऱ्यांच्या दाखल्यांसाठी. या खेपेला गेलो तेव्हा उन्हाळा लागला होता. खिडकीत बिराजदारबाई म्हणून एक कारकून बसायच्या. मी विचारलं, "बाई, जुन्यात जुनं कुठवरचं मिळतं?"

"इंग्रजांच्या काळातलं आहे. कशाला पाहिजे? जातीच्या दाखल्याला?"

"नाही. आजी शोधतोय."

"हरवली?"

"हो. एकोणीसशे तीस साली."

त्या हसल्या, मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "तारीख माहीत आहे?"

"नाही."

"मग आमचा माणूस बसवता येणार नाही. अर्ज द्या, साहेबांची सही आणते. समोरच्या टेबलावर बसून तुम्हीच बघा. पानं जपून उलटा, कोपऱ्यांचा भुगा होतो."

माझ्या आठवड्याच्या सुट्टीला ती कचेरी उघडी असायची, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसू लागलो. मी काय शोधत होतो ते सांगायला हवं. मी जन्माची पुस्तकं काढली होती. आईचं नाव सारजा, बापाचं नाव गुरप्पा, असं एखादं पोर सापडतंय का ते बघत होतो. गुरप्पाबरोबर गेली म्हणजे संसार केला असणार, आणि संसार केला म्हणजे पोरं झाली असणार, असा माझा सरळ हिशेब. सापडलं तर सोलापुरातच कुठंतरी आमची माणसं असतील; त्यांच्या दारात जाऊन काय बोलायचं हेही मी मनात जुळवून ठेवलं होतं.

एकतीस साल झालं, बत्तीस झालं, तेहतीस झालं. गिरणीतल्या बायकांची पोरं पुष्कळ होती. सारजा नावाच्याही दोघी-तिघी निघाल्या. पण एकीचा नवरा पद्मशाली, एकीचा घिसाडी. गुरप्पा कुठंच नाही.

एकदा दुपारी बिराजदारबाई डबा खाऊन हात पुसत आल्या आणि माझ्या टेबलाशी थांबल्या. "आजीला शोधताय ना? मग जन्मात काय बघताय?"

मला सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. "ती दुसऱ्या कुणाबरोबर गेली म्हणतात. पोरं झाली असतील."

"आणि मेली असेल तर?"

"एवढ्या लवकर कशी मरेल? तरणीताठी होती."

"अहो भाऊ, त्या काळी तरण्याच मरायच्या." त्यांनी शिपायाला हाक मारली. "गौसभाई, मृत्यूचं तीस साल काढा."

ते पुस्तक वाचणं जन्माच्या पुस्तकासारखं नव्हतं. पानामागून पान माणसं मरत होती. ताप. हगवण. ताप. देवी. बाळंतरोग. एवढ्या-एवढ्या लेकरांच्या पुढं कारण लिहिलेलं, ‘दात येणे’. मी अंगठ्यानं ओळ धरून वाचत होतो. मे महिन्यात मार्शल लॉच्या दिवसांतलं अक्षर बदललेलं होतं, कुणी दुसऱ्यानं लिहिलेलं. मग पुन्हा पहिलं अक्षर आलं, आणि जूनमध्ये, पानाच्या खालच्या अंगाला, ती होती.

‘सारजा कोम हणमंता ननवरे. वय चोवीस. धंदा गिरणीत, रीळ खाते. राहणार गिरणीमागील चाळ. मूळ गाव शिरसवाडी. मरणाचे कारण क्षय.’

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. मग गौसभाईंना दाखवलं. "हे ‘कोम’ काय आहे?"

"कोम म्हणजे बायको. जुन्या कागदांत असंच लिहायचे. अमकी कोम तमका, तमक्याची बायको." त्यांनी चष्मा वर केला. "हीच का?"

"हीच."

माझा आजा हणमंता. घर सोडून गेलेली, दुसऱ्याच्या गाडीत बसलेली बाई मेली, ती माझ्या आजोबांची बायको म्हणून मेली. मला एकदम बरं वाटलं. आणि मग मी शेवटचा रकाना वाचला. ‘वर्दी देणार : गुरप्पा शिवप्पा, मुकादम.’

मेल्याची खबर त्यानंच दिली होती. म्हणजे ती मेली तेव्हा तो तिथं होता. लोक जे सांगत होते ते तिथंच, त्याच ओळीत, सरकारी शाईनं पक्कं झालं होतं, असं मला वाटलं.

*

दाखल्याची नक्कल खिशात घालून घरी आलो. शैलाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. म्हणालो, "आत्याला कशाला सांगायचं? ऐंशी वर्षांची म्हातारी. आई मेली म्हणून सांगायचं, आणि तो गुरप्पा शेवटपर्यंत जवळ होता हेही सांगायचं?"

शैला पोळ्या लाटत होती. "तो जवळ होता म्हणजे काय होता, ते लिहिलंय का त्यात?"

"लिहिलेलं नाही. पण कळतंच की."

"मग तुम्हाला जे कळतं ते आत्यांना सांगू नका. कागदात आहे तेवढं सांगा."

"आणि तिनं विचारलं तर?"

"विचारलं तर आहे तेच सांगा. त्यांची आई आहे, तुमची नाही."

तरी मी टाळत राहिलो. मधल्या काळात मुलाचं, सुहासचं, लग्न झालं. आत्या लग्नाला आली, नव्या सुनेला, पल्लवीला, हातानं चाचपून बघून "हाडापेरानं चांगली हाय" म्हणाली, अक्षता टाकून गेली. मला तेव्हाही सांगायचा धीर झाला नाही. शेवटी श्रावणात, नागपंचमीला, मी एकटाच शिरसवाडीला गेलो.

आत्या ओट्यावर मटकी निवडत बसली होती. कांता आत होती, उत्तम रानात. मी शेजारी बसलो, कागद काढला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं कागदाकडे पाहिलं आणि निवडायची थांबली.

"सापडली व्हय?"

मी काही बोललोच नव्हतो. म्हणालो, "सापडली."

"जित्ती न्हाई."

"नाही."

"वाच."

मी वाचलं. नाव वाचलं, कोम म्हणजे काय ते सांगितलं. वय वाचलं. महिना वाचला. आत्यानं हात वर केला, मी थांबलो.

"म्हंजे कवा? मार्शल लॉच्या?"

"तो लागला त्यानंतर महिन्याभरानं."

तिनं मटकीचं ताट बाजूला सरकवलं. "सुगीला गेली आन् मिरगाला मेली," ती म्हणाली. मग पुन्हा, हळू, "सुगीला गेली आन् मिरगाला मेली."

आत भांड्यांचा आवाज थांबला. कांता दारात येऊन उभी राहिली होती.

"मी तिला लई शिव्या दिल्या, रं रंगा," आत्या म्हणाली. माझं नाव श्रीरंग. मला रंगा म्हणणारी तेव्हा तीच उरली होती. "नहाण आलं तवा दिल्या. लगीन झालं तवा दिल्या. माझी थोरली पोर गेली, तवा तर मोठ्यानं दिल्या. म्हणलं, तू तिकडं बसली असशील पोराबाळांत. आन् ती मेलेली. मी हितं शेणाच्या गवऱ्या थापीत, ती येती का म्हणून वाटंला डोळं लावून बसत हुते, तवाच मेलेली."

ती रडत नव्हती. तिनं विचारलं, "कशानं मेली?"

"क्षयानं."

"छातीचा?"

"हो. टीबी म्हणतात तो."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्यावरून निघून अंगणात गेली आणि तिथंच राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता, कुणीतरी लांबून हाक मारल्यावर माणूस बोलतो तसा.

"आदल्या साली पाऊस न्हवता. दोघंबी गिरणीत गेलती, आई आन् बाप. मला आजीपाशी ठिवून, केरबाला संगं घिऊन. परत आल्यापासनं ती खोकायची. मला वाटायचं धुरानं खोकती. आल्यापासनं ती मला जवळच येऊ दीना. केरबाला तर अंगावरनं तोडला, शेळीच्या दुधावर घातला. मी आपली लाडानं जायची, तर ती तुरीची काठी उगारायची. ‘लांब हो. लांब हो म्हणते न्हवं.’ एकदा लागली मला काठी. हितं." तिनं दंडावर हात ठेवला. "आजी म्हणायची, हिचं मन गिरणीतच राहिलंय, हिला पोरं नकोत. मलाबी तसंच वाटलं. मग गेलीच ती. म्हणलं, खरंच हिला आम्ही नकोच हुतो."

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आबांनासुद्धा नाही, कारण आबांनी मला सांगितलं असतं.

"वर्दी कुणी दिली?" तिनं एकदम विचारलं.

शब्द तिला ठाऊक होता. गावात कुणी मेलं की कोतवालाकडे वर्दी द्यायला तीच कुणाला तरी पिटाळायची. मी शैलाचं बोलणं आठवलं.

"गुरप्पा मुकादमानं."

मला वाटलं होतं आता ती पेटेल. ती नुसती मान हलवत राहिली, खाली-वर, खाली-वर.

"मग तो त्येच सांगायला आलता."

"कोण?"

"गुरप्पा. आलता एकदा. मिरगाचा पाऊस पडून गेलता, चिखल व्हता हितं. लिंबाखाली हुबा राहिला, वर आला न्हाई. म्या बघितलं आन् आत पळत गेले, म्हणलं आई आली. बाप भाहेर गेला. मला वाटलं आता ह्यो त्येला मारतोय. बायको पळवली त्येनं. कुऱ्हाड तितंच व्हती, जळणापाशी. पन न्हाई मारलं. दोघं बोललं, हळू. बापानं त्येला तांब्या दिला पाण्याचा. त्यो प्याला आन् गेला. मग बाप हिरीवर गेला आन् डोस्क्यावरनं आंघूळ केली. अंगावरच्या कापडासकट. दिस मावळायच्या टायमाला." ती थांबली. "कोन करतं, रंगा, तसली आंघूळ?"

मला सांगायची गरज नव्हती. लांबच्या माणसाची मेल्याची खबर आली की सुतकाची आंघोळ तशीच करतात, अंगावरच्या कपड्यांनिशी, वेळ न बघता.

"त्येला ठावं व्हतं," आत्या म्हणाली. "बापाला सगळं ठावं व्हतं."

कांता पुढं येऊन खाली बसली. "मग मामंजींच्या वडलांनी सांगितलं का न्हाई ओ, आत्या? बायको मेली म्हणून सांगायचं की सरळ. पळाली म्हणून कशाला सांगायचं? त्येंचीच अब्रू गेली की."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेली म्हणलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, कशानं मेली? क्षयाच्या घरात तवा पानी पीत न्हवतं कुणी, बाई. क्षयानं मेलेल्या बाईची पोर कुणी केली नसती. रक्तात असतं म्हणायचे." तिनं पदरानं नाक पुसलं. "माझं लगीन ठरलं तवा मी दाराआड हुते. माझ्या सासऱ्यानं इचारलं, पोरीच्या आईचं काय झालं? बापानं मान खाली घातली आन् म्हणला, पळून गेली. सासरा म्हणला, आईचं पाप पोरीला न्हाई. सुपारी फोडा. त्या दिवशी मी बापाची कीव केली. म्हणलं, काय वंगाळ बायको मिळाली माझ्या बापाला."

मटकीच्या ताटात एक चिमणी आली, तिला कुणी हाकललं नाही.

"आत्या," मी म्हणालो, "हे आपण आता जुळवतोय. कागदात तेवढं नाही. तो गुरप्पा..."

"तू कागद आणलास. बाकीचं माझ्यापाशी व्हतं," आत्या म्हणाली. "मला कुणी इचारलं न्हाई, आन् मलाबी कळलं न्हाई काय हाय माझ्यापाशी." मग तिनं हात पुढं केला. मी दाखला दिला. तिनं तो उलटा धरला होता. "तिचं नाव कुठं हाय?"

मी कागद सरळ करून बोट ठेवून दाखवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि तिथं स्वतःचं ठेवलं.

"वय किती म्हणलास?"

"चोवीस."

"पोर व्हती की रं," ती म्हणाली. "माझ्या नातींपरास लहान."

*

पितृपंधरवडा सुरू झाल्यावर उत्तमचा फोन आला. "आत्यानं सांगितलंय, नवमीला सगळ्यांनी यायचं. पल्लवीला आणायचंच म्हणते."

पंधरवड्यातली ती नवमी कुंकवासंगं गेलेल्या बायकांची. नवऱ्याच्या आधी जी जाते तिच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला घालतात, ओटी भरतात. आमच्या घरात ही नवमी कधीच होत नव्हती. गंगूआजी विधवा होऊन गेली, आणि सारजेचं कुणी काही केलं नव्हतं. पळून गेलेलीचं काय करायचं असतं?

आम्ही पोचलो तेव्हा आत्यानं घर सारवून घेतलं होतं. कांतानं पुरण घातलं होतं. मंगळवेढ्याहून हिरवी साडी आणवली होती. पल्लवीला पाटावर बसवलं, तिला ते सगळं नवं होतं. ती सोलापुरात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी मुलगी. कांता ओटी भरायला पुढं झाली. आत्या लांब, भिंतीला टेकून बसली होती, विधवा बाईनं अशा वेळी बसायचं तिथं.

पल्लवीनं पदर पसरता पसरता मागं पाहिलं. "आत्याआजी, तुमच्या आईची नवमी आहे ना? मग ओटी तुम्हीच भरा."

"मी नसते भरत, बाळा. मला चालत न्हाई."

"मला चालतंय," पल्लवी म्हणाली.

आत्यानं कांताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हात जमिनीला टेकवत उठली. तिच्या ओंजळीतून तांदूळ सांडत होते, थोडे पदरात, थोडे पाटावर. नारळ ठेवताना पल्लवीनं खालून आपला हात लावला.

शेजारची पारूबाई कढी मागायच्या निमित्तानं आली होती ती दारातच थांबली. "हौसाक्का, तुमच्यात नवमी कवापासनं? कुणाची म्हणायची?"

"माझ्या आईची."

"आईची? आगं, तुझी आई तर..."

"मेली ती," आत्या म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "छातीच्या रोगानं. सोलापुरात, गिरणीच्या चाळीत. सारजा तिचं नाव. कढी घिऊन जा, आन् पोळीबी घिऊन जा."

पारूबाई दोन्ही घेऊन गेली. दिवस मावळायच्या आत ते गावभर झालं असणार.

जेवणं झाली. पुरुषमाणसं ओट्यावर आडवी झाली. मला झोप येत नव्हती, मी दारापाशी भिंतीला टेकून बसलो होतो. आत पल्लवी नवी साडी नेसून खाली पाय पसरून बसली होती, पोट जड झालं म्हणत. आत्या तिच्या जवळ सरकली.

"वय काय गं तुझं?"

"चोवीस, आत्याआजी. परवाच पूर्ण झाली."

"हां," आत्या म्हणाली. थोडा वेळ ती साडीचा काठ बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "पाठ लई धरलीय आज. जरा मांडीवर डोस्कं टेकू का?"

"टेका की."

पल्लवीनं मांडी घातली. आत्या हळूहळू, एकेक सांधा सांभाळत आडवी झाली, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तिनं डोळे मिटले. पल्लवीला हात कुठं ठेवावा कळेना. मग तिनं तो आत्याच्या पांढऱ्या केसांवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

उन्हं कलून दारातून आत आली. पल्लवीच्या पायाला मुंग्या आल्या असणार, ती चेहरा वाकडा करत होती. मी खुणेनं विचारलं, उठवू का? तिनं मानेनंच नको म्हटलं, आणि आत्याच्या डोक्यावरून सरकलेला पदर नीट केला.